गोंड शोधले, गोंधळेकर सापडले

खगोलशास्त्रावर जगात जे काही छापलं जातं त्याची नोंद एका ठिकाणी होते आणि ते ठिकाण अमेरिकेतल्या केंब्रिज गावात आहे, हे गोंदियात फार लोकांना ठाऊक नसावं. ठाऊक असायचं कारणही नाही. इथे माणूस शोधायला निघतो तो एक तर हमाल, नाही तर बारदाना. पण आमच्या शेजारी राईस मिलवाले काकाजी राहतात, त्यांची मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते आणि तिनं प्रकल्पासाठी विषय घेतला, ‘गोंडांचं आकाश’.

विषय तसा घरामागचाच. सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तिथे दूरदूरचे गोंड भाविक येतात, मोठी जत्रा भरते. दरेकसा स्टेशनला उतरायचं, एखाद्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसायचं आणि वर बोट करून विचारायचं, झालं. पण एक तर ऐन उन्हाळ्यातला नवतपा सुरू होता, आणि नवतप्यात गोंदियाचा माणूस दुपारी दार उघडतो ते फक्त कुरिअरवाल्याला. दुसरं म्हणजे गाईड सरांनी बजावलं होतं, आधी ‘लिटरेचर सर्व्हे’. आजवर कोणी काय लिहिलं ते वाच, मग तुझं तू बोल. त्यामुळे पोरीनं दरेकशाची गाडी सोडली आणि पायथन धरलं.

ही काय भानगड आहे ते काकाजींना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी मराठीचा मास्तर, आणि मास्तरला सगळंच समजतं असा इकडे जुना समज आहे. मी तो मोडला नाही.

तर नासा पैसा पुरवते, स्मिथसोनियनची खगोलवेधशाळा चालवते, आणि नाव आहे ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टीम. सगळे एडीएस म्हणतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम सुरू झालं. आज नोंदी दीड कोटीच्या वर आहेत. इंटरनेट रांगत होतं त्या काळात याची एक मिरर प्रत पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतही ठेवलेली होती, म्हणजे नासाचं कपाट उघडायला आपल्या माणसाला पुण्याच्या पुढे जावं लागत नसे. गोंदियाहून पाहिलं तर पुणे आणि केंब्रिज साधारण सारखीच लांब पडतात, ही गोष्ट वेगळी.

आता हे कपाट वेबसाइटवर कोणालाही उघडतं. पण एकेक निबंध डोळ्यांनी पाहून वहीत उतरवणं हे हल्ली वय झाल्याचं लक्षण समजतात. तरुण मंडळी प्रोग्राम लिहितात. त्यासाठी पायथनमध्ये तयार लायब्ररी आहे, तिचंही नाव एडीएसच, आणि ती अँडी केसी नावाच्या एका खगोलशास्त्रज्ञानं लिहिली. दोन-चार ओळी लिहायच्या, एडीएसकडून मिळालेली किल्ली लावायची, आणि म्हणायचं, आण.

पोरीनं पहिला शोध अगदी मोकळ्या हातानं टाकला. रोमन अक्षरांत ‘गोंड’ लिहिलं आणि पुढे स्टार ठोकला. स्टार म्हणजे पुढे काहीही चालेल. आकाशातला स्टार समजायला आयुष्य जातं, हा कीबोर्डवर आठच्या डोक्यावर असतो.

उत्तर आलं. सापडलेल्या निबंधांचा आकडा हजारांच्या घरात. काकाजी खुर्चीतून अर्धे उठले.

“का जी गुरुजी, गोंडाइवर येवढं लिहून ठेवलं लोकाइनं?”

मग यादी उघडली. सुरुवातीला आलं गोंडवाना. आफ्रिका, भारत, अंटार्क्टिका ही सगळी भावंडं कोट्यवधी वर्षांपूर्वी एकत्र नांदत होती तो महाखंड. त्याचे दगड, त्याचं चुंबकत्व, त्याचं बर्फ. त्याला नाव मिळालं ते गोंडांच्या मुलखावरूनच, म्हणजे पाहुणे नात्यातले होते. पण आले होते जमिनीच्या कामाला. मग आले गोंडोला. मोठ्या फुग्याला दुर्बीण लटकवून वर सोडतात तेव्हा ती ज्या पाळण्यात बसवतात त्याचं हे नाव, आणि त्या पाळण्याचं वजन, थरथर, थंडी-ऊन यांवर इंजिनिअर लोकांनी रग्गड लिहिलं आहे. मग आले पाओलो गोंडोलो. हे कृष्णद्रव्यातलं मोठं नाव; १९९९ साली जोसेफ सिल्क यांच्याबरोबर त्यांनी आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या कृष्णद्रव्यावर लिहिलेला निबंध शेकडो लोकांनी संदर्भाला घेतला आहे. आणि त्यांच्या मागून, हातात अतिनील प्रकाश घेऊन, गोंधळेकर!

हे प्रभाकर गोंधळेकर इंग्लंडात राहून संशोधन करणारे. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत अतिनील प्रकाश किती भरलेला आहे यावर दोन सहकाऱ्यांसह त्यांनी १९८० साली लिहिलेला निबंध आजही लोक शोधतात. आपण शोधत नव्हतो, तरी सापडला. रोमन लिपीत ‘ड’ काय आणि ‘ध’ काय, सुरुवात एकाच अक्षरानं. गोंडांच्या मागे स्टार लावला की गोंधळेकर येणारच. एवढ्या मोठ्या यंत्रणेत ज्याच्या नावातच गोंधळ आहे असा माणूस बरोबर त्या वेळी हजर व्हावा, याला मी तरी योगायोग म्हणणार नाही.

गोंड मात्र कुठे दिसेनात. याचं एक कारण असं, की सापडले हजारो असले तरी हातात दिले होते दहाच. एडीएसचा रिवाज आहे: किती हवे ते सांगितलं नाही तर दहा मिळतात, आणि कितीही हावरटपणा केला तरी एका खेपेला दोन हजारांच्या वर मिळत नाहीत. पुढचे हवे असतील तर ‘आता अमुक क्रमांकापासून दे’ असं पुन्हा म्हणायचं. काकाजींना हे अजिबात पटलं नाही. “सापडले म्हंते अन् देत नाही म्हंते, हे का होय?” त्यांचा उभा जन्म सरकारी धान खरेदीशी व्यवहार करण्यात गेला असल्यानं मला वाटलं होतं त्यांना हे लगेच कळेल.

आणि दहा तरी काय दिले होते? थेट एडीएसला विचारलं आणि काय हवं ते सांगितलं नाही, तर ते नुसता नोंदीचा क्रमांक पाठवतं. नाव हवं, लेखक हवे, साल हवं, सारांश हवा, तर तसं आधी यादी करून सांगावं लागतं. केसीसाहेबांची लायब्ररी त्या मानानं फार भिडस्त. ती नाही म्हणत नाही. तुम्ही आधी सांगितलं नसलं आणि नंतर सारांश मागितलात, तर ती निमूटपणे त्या एका निबंधाच्या एका सारांशासाठी केंब्रिजला जाते आणि घेऊन येते. पुढच्या निबंधासाठी पुन्हा जाते. मध्येच एक सूचना छापते, की बाई, अशानं फेऱ्या वाढतात आणि तुझा कोटा संपेल. सूचना नम्र असल्यामुळे कोणी वाचत नाही. कोटा असतो दिवसाला पाच हजार फेऱ्यांचा. दोनशे निबंध आणि प्रत्येकाच्या चार गोष्टी म्हटल्या तरी आठशे गेल्या. प्रोग्राम दुरुस्त करकरून सहा-सात वेळा चालवला की झालं, दुकान बंद. ते पुन्हा उघडतं ग्रिनिचच्या मध्यरात्री, म्हणजे गोंदियात पहाटे साडेपाचला. त्या आठवड्यात पोरगी रोज पहाटे उठायला लागली आणि अख्ख्या गल्लीत तिचं कौतुक झालं. पीएसआयच्या परीक्षेची तयारी करते असं सगळ्यांना वाटलं.

शेवटी तिनं स्टार काढला, शब्द अवतरणात टाकले, ‘हे फक्त शीर्षकात शोध’ असं बजावलं. महाखंड गेला, पाळणे गेले, गोंधळेकर सन्मानानं परत गेले. आणि उरला तो निबंध: ‘ॲस्पेक्ट्स ऑफ गोंड ॲस्ट्रॉनॉमी’. मुंबईच्या टीआयएफआरचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि आंध्र प्रदेशातल्या सुमारे १५ गोंड गावांत फिरून, विचारून लिहिलेला. २०१३ साली खगोलशास्त्राच्या इतिहासाला वाहिलेल्या एका नियतकालिकात तो छापून आला. म्हणजे गाईड सर म्हणत होते ते काम आणि दरेकशाच्या गाडीचं काम, दोन्ही या दोघांनी आधीच करून ठेवलं होतं. पुढच्या काही वर्षांत बंजारा, कोलाम, कोरकू यांच्या आकाशावरही वाहिया आणि मंडळींनी लिहिलं.

सापडला, तरी सुखासुखी हाती लागला नाही. शीर्षक छापलं तर ते चौकोनी कंसात, अवतरणचिन्हांत आलं. एडीएसमध्ये शीर्षक ही एक वस्तू नसते, यादी असते. एखाद्या निबंधाला मूळ भाषेतलं एक आणि इंग्रजी एक अशी दोन शीर्षकं असू शकतात, म्हणून सरसकट सगळ्यांनाच यादी. ज्याला एकच शीर्षक आहे त्यानंही यादीतला पहिला म्हणून उभं राहायचं. मग तारीख. साल ठीक, महिना ठीक, आणि दिवसाच्या जागी शून्य-शून्य. नियतकालिकावर दिवस छापलेला नसतो, म्हणून एडीएस प्रामाणिकपणे शून्य लिहितं. आपल्या पंचांगात क्षयतिथी असते, वृद्धितिथी असते, अख्खा महिना अधिक निघतो, पण शून्य तारीख आपल्यालाही सुचली नाही. पायथनच्या पंचांगात तर ती बसतच नाही. तारखांप्रमाणे रांग लाव म्हटलं, की ते पहिल्याच शून्यापाशी बसकण मारतं आणि उठत नाही. बसकण मारल्यावर जो मजकूर पडद्यावर लाल अक्षरांत येतो तो पाहून काकूंनी विचारलं, “का जळलं?”

जाता जाता गोंधळेकरांनीही आपला हात दाखवला. एडीएसमध्ये प्रत्येक निबंधाला १९ अक्षरांचा एक कोड असतो. आधी साल, मग नियतकालिकाची आद्याक्षरं, मग खंड, मग पान, मोकळ्या जागी टिंबं, आणि सगळ्यांत शेवटी पहिल्या लेखकाच्या आडनावाचं एक अक्षर. गोंधळेकरांचा तो निबंध युरोपातल्या एका नियतकालिकातला, आणि त्याच्या आद्याक्षरांत दोन ‘ए’च्या मध्ये ‘अँड’चं ते वेटोळं चिन्ह येतं. वेबपत्त्यात त्या वेटोळ्याचा अर्थ ‘इथे एक प्रश्न संपला, दुसरा सुरू’ असा होतो. म्हणून तो कोड पत्त्यात जसाच्या तसा चिकटवला, की वाटेतच त्याचे दोन तुकडे पडतात: केंब्रिजला पोचतं साल आणि एक ‘ए’. वेटोळं वेषांतर करून पाठवावं लागतं, टक्का आणि २६ असं. खगोलशास्त्रातलं अर्धं उत्तम साहित्य त्या नियतकालिकात आहे, त्यामुळे हा धडा प्रत्येक नव्या पोराला कधी ना कधी मिळतोच.

काकाजींचं लक्ष त्या १९ अक्षरांवर बसलं. कोडात माणसाचं नाव येतं, ही गोष्ट त्यांना महत्त्वाची वाटली. “आपल्या मानसाचं कोनाचं निघते का, पाह्य बरं.”

निघालं की. पण आडनावावरून शोधायचं म्हणजे आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. नारळीकर म्हटलं तर जयंत नारळीकर येतातच, त्यांच्याबरोबर वडील विष्णू वासुदेव येतात, कारण तेही सापेक्षतावादावर लिहीत; आणि बंधू अनंत येतात, त्यांचा विषय अतिवाहकता. मुलांच्या नावामागे वडिलांचा विष्णू, वडिलांच्या पुढे वासुदेव, सगळ्यांचं मिळून रोमनमध्ये एकेक आद्याक्षर. हे तरी एक घर आहे. कुलकर्णी म्हटलं की प्रोग्रामला धाप लागते. श्रीनिवास कुलकर्णी जन्मले कुरुंदवाडला, गाजले कॅलिफोर्नियात. पण ‘कुलकर्णी, एस.’ एवढंच दिलंत तर सुरेश, सुनीता, संजय, शुभांगी सगळे ‘उपस्थित’ म्हणून हात वर करतात. यंत्राची चूक नाही. एका आद्याक्षरात जो मावेल तो आपला, असा त्याचा हिशेब. यावर उपाय म्हणून २०१२पासून ऑर्किड नावाचा सोळा आकडी क्रमांक निघाला आहे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईचे आधीचे आणि नंतरचे निबंध एकाच माणसाचे, हे त्यामुळे निदान त्या क्रमांकाला तरी कळतं.

बरं, श्रीनिवास कुलकर्णी सापडले, तरी काकाजींचा आनंद अर्धाच राहिला. सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा पहिला मिलिसेकंद पल्सार ज्या निबंधात जाहीर झाला तो १९८२चा ‘नेचर’मधला, खंड ३००, पान ६१५. कोडाच्या शेवटी अक्षर काय? ‘बी’. कारण पहिलं नाव डोनाल्ड बेकर यांचं. कुलकर्णी दुसरे. दुसऱ्याला कोडात जागा नाही.

आणि मग पोरीनं गंमत म्हणून गुरुत्वीय लहरींचा निबंध मागवला. २०१५ साली लायगोनं टिपलेली पहिली लहर, निबंध छापला २०१६ साली. लेखक हजाराहून जास्त. ‘लेखक छाप’ एवढंच म्हटलं होतं. पडदा वर सरकायला लागला तो थांबेचना. आमच्या भागातल्या लग्नपत्रिकेत विनीत, स्वागतोत्सुक, प्रेषक, मामाकुळ आणि तळाशी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारे बालगोपाल अशी सगळी मिळून जेवढी नावं असतात, तेवढी तिथे फक्त ‘ए’ आणि ‘बी’ अक्षरांची होती. आणि नवरदेव कोणता ते शेवटपर्यंत कळत नव्हतं. काकाजींनी मन लावून वाचलं. पुण्याच्या आयुकाचे संजीव धुरंधर, ज्यांनी या लहरी गोंगाटातून कशा वेचायच्या यावर दशकानुदशकं डोकं घातलं, ते मधेच कुठेतरी ‘डी’मध्ये उभे. कोडाच्या शेवटी अक्षर ‘ए’. ॲबट. एक नाही, आडनावभाऊ तीन ॲबट आहेत, आणि पहिले आलेत ते वर्णमालेच्या कृपेनं.

“म्हंजे आडनाव ‘ए’पासून पायजे,” काकाजी म्हणाले. आता औंढा नागनाथला लायगोची शाखा होणार आहे, २०२३ साली केंद्रानं मंजुरी दिली. हिंगोली जिल्ह्यातल्या आगलावे आणि अडकिने मंडळींना मी ही संधी दाखवून ठेवतो.

माझ्या मनात मात्र गोंड निबंधाचाच कोड घोळत होता. त्याच्या शेवटी ‘व्ही’ आहे, वाहियांचा. बरोबरीनं गावं तुडवणाऱ्या हलकाऱ्यांचा ‘एच’ त्यात नाही. आणि सप्तर्षीतले चार तारे ही म्हातारीची खाट, मागचे तीन हे ती पळवायला निघालेले चोर, असं ज्यांनी अंगणात बसून सांगितलं, ते उईके, मेश्राम, टेकाम कोडात कुठून येणार? जागा एकाच अक्षराची. वाहिया-हलकाऱ्यांचा यात काडीचा दोष नाही. त्यांनी लिहिलं नसतं तर केंब्रिजच्या कपाटात गोंड म्हणून फक्त फुग्याचा पाळणा राहिला असता. पण काकाजींना हे सांगितल्यावर ते बराच वेळ सुपारी चघळत राहिले आणि म्हणाले, “सांगणाऱ्याचं अक्षर नाही, लिहिणाऱ्याचं हाये. मिलमधी बी तसंच रायते. पोत्यावर छाप माझा.”

एवढं झाल्यावर संदर्भसंख्येप्रमाणे रांग लावायचा मोह पोरीनं आवरावा, असं मी सुचवलं. ज्या निबंधाचा सगळ्यांत जास्त लोकांनी दाखला दिला तो वर, अशी ती रांग असते. त्यात कृष्णद्रव्य नेहमी वर आणि म्हातारीची खाट नेहमी खाली. तिनं तरी ती एकदा लावून पाहिली. मग काही न बोलता रांग काढून टाकली आणि सालाप्रमाणे लावली, शून्य तारखांच्या जागी मुकाट्यानं एक तारीख भरून. इतिहासकार हेच काम वर्षानुवर्षं करत आले आहेत, पण ते त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

प्रकल्प झाला. पावसाळ्यानंतर ती सालेकशाकडच्या गावांतही जाऊन आली, तिथे तिला काय सांगितलं गेलं तो तिचा विषय आहे, तो तीच लिहील. गाईड सरांना अहवाल आवडला. इतका आवडला, की याचा निबंध करून कुठेतरी पाठवू म्हणाले. सुधारलेली फाइल सरांकडून परत आली तेव्हा त्यात स्वल्पविराम दोन बदललेले होते आणि लेखकांच्या जागी सरांचं नाव वर, पोरीचं खाली होतं.

काकाजी ती फाइल घेऊन माझ्याकडे आले. रागावलेले असतील अशी माझी कल्पना. पण त्यांनी फक्त विचारलं, “गुरुजी, त्या कोडात शेवटी एकच अक्षर रायते ना, पह्यल्या मानसाच्या आडनावाचं?”

“एकच.”

“सराचं कोणतं पडन?”

“पी.”

“अन् आमचं?”

मी मनात स्पेलिंग केलं. “तुमचंही पीच.”

काकाजींनी फाइल मिटली. “मंग जाऊ द्या,” ते म्हणाले, “समजणार कोनाले हाये?”